चिंकाऱ्यांसाठी राखीव माळ

माळाला पडीक म्हणणाऱ्या माणसाची गेणबाला मनापासून चीड येई. शिरूर आणि दौंडच्या मधल्या त्या माळावर त्यानं जन्मभर मेंढरं चारली होती. उगवतीकडचं गवत दसऱ्यापर्यंत राखायचं, बी झडलं की मगच कळप आत घालायचा, हा तिथल्या धनगरांचा रिवाज. मेंढरं पुढं सरकली की मागच्या आखूड गवतावर चिंकारे उतरत. याला कुणी निसर्गरक्षण म्हणत नव्हतं, म्हणूनच ते नीट चाललं होतं.

मग बंगल्यांची वसाहत आली. कंपनीचे सुमितसाहेब ग्रामसभेत म्हणाले, अर्ध्या माळावर घरं, अर्धा माळ चिंकाऱ्यांसाठी राखीव. लोकांनी टाळ्या पिटल्या. राखीव माळाला तारेचं कुंपण पडलं, चराई बंद झाली, आणि निसर्गावरचं प्रेम फारच उतू गेल्यामुळे तिथं गुलमोहराची हजार रोपं लागली. गेणबा ऑफिसात जाऊन सांगून आला, की मेंढरं थांबली तर गवत कमरेला लागेल आणि चिंकारा तिथं पाऊल टाकणार नाही, कारण त्याला लांडगा लांबून दिसावा लागतो. आमच्याकडे तज्ज्ञ आहेत आबा, असं म्हणून साहेबांनी त्याला वाटेला लावलं. तज्ज्ञ कसले, त्यातल्या एकाला मेंढी आणि शेळी वेगळी ओळखता येत नव्हती.

तीस मेंढरं काय हवा खाणार? खाली सगळा ऊस, तिथं कळपाला कोण उभं करतं? दोन महिने गेणबानं पाला तोडून घातला, शेवटी हात टेकले. मेंढरं टेम्पोत चढली त्या दिवशी अनसाबाई, त्याची बायको, जेवली नाही. गेणबा तर ढसाढसा रडला.

वर्ष उलटलं. जाहिरातीत खिडकीतून चिंकारा दिसत होता, खऱ्या खिडकीतून नुसतं वाळकं गवत. पुण्याची गिऱ्हाइकं रविवारी घरं बघायला येणार, तर शनिवारी सकाळी सुमितसाहेबांची गाडी गेणबाच्या दारात. तज्ज्ञांनी आता नवा शोध लावला होता, की मेंढरं चरल्याशिवाय चिंकारे येत नाहीत. अडला हरी गाढवाचे पाय धरी, आणि त्या सकाळी गाढवाचा मान गेणबाला मिळाला. साहेबांनी पगार देऊ केला, डोक्याला फेटाही कंपनीचाच.

"उद्या उजाडताच कळप आत घाला, आबा," ते म्हणाले. "फाटक उघडं ठेवतो."

गेणबाला वाटलं होतं हसू येईल, पण नुसती किळस आली.

"कुठला कळप, साहेब? वसाहतीच्या उद्घाटनाला गावजेवण घातलं न्हाई का तुमी? तुमच्याच माणसानं टेम्पो आणलावता. तीसच्या तीस तिथं शिजली. तुमी दोनदा रस्सा मागून घेतला."