चष्मा टेकत नव्हता ती जागा

सकाळी साडेदहाला थोरल्या भावाच्या नाकावरच्या जखमेतून पुन्हा रक्त आलं. धाकट्याच्या चष्म्याच्या दुकानात, काउंटरच्या काचेवर, दोघांच्या मधोमध थेंब पडला.

"तुझ्या चष्म्यानं माझं नाक कापलं रे," थोरला रुमाल दाबत म्हणाला. "भावाला चष्मा फुकट, वर जखमही फुकट!"

थोरल्याचं आयुष्य रस्त्यांची मोजणी करण्यात, उन्हात गेलं होतं. नाकावरची, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याजवळची ही खपली हिवाळ्यापासूनची. धरायची, पडायची, रक्त यायचं. धाकटा दर वेळी फ्रेम वाकवायचा, नाकावरचे पॅड बदलायचा. शेवटी मऊ सिलिकॉनचे बसवले. नाक दुखतंय म्हणजे चष्मा रुततोय, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

आज मात्र हात अडला; इतक्या मऊ पॅडनं नाक कापेल कसं? भिंगावर खूण करायच्या पेननं त्यानं दोन्ही पॅड निळे केले, चष्मा दादाच्या नाकावर चढवला आणि काढला. नाकावर दोन निळे ठिपके उमटले. जखम डाव्या ठिपक्याच्या चांगली अर्धं बोट वर होती.

चष्मा तिथं टेकतच नव्हता.

"का रे, तोंड का उतरलं?"

"हलू नकोस, दादा."

धाकट्यानं भिंग धरलं. खपलीभोवतीची कड उचललेली, मोत्यासारखी चकचकीत. तिच्यावर केसाएवढ्या लाल रेषा. कानशिलावर तांबूस डाग. बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखे खरखरीत.

"वय झालं, डाग येणारच."

"आणि ही जखम? बरी का होत नाही? ऊठ, डॉक्टरकडे जाऊ."

"दुकान कोण बघेल?"

"शटर बघेल."

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कानशील तपासलं. "हे उन्हाचे डाग. आज कॅन्सर नाहीत, पण एखादा पुढे बदलू शकतो. ते गोठवून काढू. नाकावरचं मात्र वेगळं दिसतंय." जागा बधिर करून त्यांनी छोटा तुकडा काढला.

"म्हणजे कॅन्सर?" थोरल्यानं विचारलं.

"बहुधा. हा प्रकार सहसा दूर पसरत नाही. हळू वाढतो, पण आत खणत जातो. आणि इथून डोळा जवळ आहे."

थोरल्याला विनोद सुचला नाही. जिना उतरताना तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला काय सांगू?"

"खरं ते सांग."

"इतके दिवस चष्म्याचंच सांगतोय तिला."

चष्म्याचं तिला धाकट्यानंही सांगितलं होतं.

आठवड्यानं अहवाल आला: बेसल सेल कॅन्सर, तुकड्याच्या तळापर्यंत. त्याखाली किती, ते तुकड्यावरून कळेना. गुरुवारी सकाळी डोळ्याभोवतीचा स्कॅन झाला. वहिनी आणि धाकटा बाहेर बाकावर बसले होते. संध्याकाळी धाकट्यानं दवाखान्यात फोन केला, तेव्हा स्कॅन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पोचला होता. तो अजून कोणी पाहिला नव्हता.