दीड तास पुढे

मित्रांनो, मी किल्लीचे एक जुने टेबल-घड्याळ आहे. माझी तबकडी पिवळी पडली आहे आणि गजर घसा बसल्यासारखा वाजतो. माझी वेळ चुकीची आहे असे तुम्हांला वाटेल. थोडे थांबा, मग ठरवा.

१९९२ साली शोभनाताईंनी मला साडीत गुंडाळून पुण्याहून शारजाला आणले. विमान उतरताना लोकांनी मनगटी घड्याळे दीड तास मागे केली. मला मात्र शोभनाताईंनी हात लावला नाही. शारजातल्या रोल्ला चौकाजवळच्या घरात फ्रिजवर माझी जागा ठरली.

"शोभना, नवरा शारजात आणि घड्याळ पुण्यात?" सूर्यकांतराव चेष्टा करायचे.

"असू द्या. तुमची वेळ भिंतीवरच्या घड्याळात दिसते. ह्यात आईची दिसते."

पुढे त्यांची आई गेली, तरी माझी वेळ त्यांनी बदलली नाही. दुपारी ओटा आवरला, की त्या मला किल्ली देत. त्यांच्या तर्जनीच्या टोकाला विळीने कापल्याचा जुना व्रण होता. तो कडक ठिपका रोज माझ्या पाठीला लागे. मी त्यांना त्यावरूनच ओळखायचो.

दहा वर्षांनी, एका मार्चमध्ये, त्या इस्पितळातून परत आल्या नाहीत. मला किल्ली द्यायचे कुणाला सुचले नाही. मी थांबलो. चौदाव्या दिवशी त्यांची मुलगी विनिता हिने खोकी भरली. तिला बघवत नव्हते, म्हणून ती न बघता भरत होती. साड्या, चष्मा, मी.

"यल्ला, चला, घेऊन जा," ती गाडीवाल्याला म्हणाली आणि तिने दार लावून घेतले.

मी एका धर्मादाय दुकानात आलो. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू तिथे स्वस्तात विकत, आणि पैसे आजारी माणसांसाठी जात. दुकान सांभाळणाऱ्या मरियमबी मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी मला पुसले, किल्ली दिली, इथली वेळ लावली आणि एका मोठ्या सुरईमागे ठेवले. दुपारी एकला शटर खाली आले.

अंधारात कुणीतरी माझ्या पाठीवर बोट ठेवले. बोट गार होते. टोकाशी कडक ठिपका होता. काटे हळूहळू पुढे सरकले आणि बरोबर दीड तास पुढे जाऊन थांबले.

चारला शटर उघडले, तेव्हा मी साडेपाच दाखवत होतो. मरियमबींनी मला मागे केले. दुसऱ्या दुपारी तेच. रोज तेच.

विनिता दर गुरुवारी यायची. "स्वस्तात काही मिळतंय का बघते," असे सांगायची. हँगर सरकवायची, कपबशा उलट्या करून बघायची. खरे तर ती आईची एखादी तरी वस्तू शोधत होती. साड्या विकल्या गेल्या होत्या. चष्माही कुणीतरी नेला होता. चौथ्या गुरुवारी तिने सुरई बाजूला केली.

"ते नको घेऊस बाय, खराब आहे," मरियमबी म्हणाल्या. "रोज लावते, रोज दुपारी दीड तास पुढे पळतं. मला तर आता हात लावायची भीती वाटते."

विनिताचा हात थांबला. "दीडच तास?"

"एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही."

"खराब नाही, मरियमबी. ते इंडियाची वेळ दाखवतंय. केवढ्याला?"

"पाच दिरहम. म्हणजे पासष्ट रुपये. पण तू असंच ने. इथे नको."

मी पुन्हा फ्रिजवर आलो. ऑफिसला निघताना विनिता मला मुद्दाम दीड तास मागे करू लागली. संध्याकाळी आली, की चपला न काढता आधी माझ्याकडे येई. मी पुढे गेलेलो असे. मग ती खुर्चीवर बसून राही, बराच वेळ.

पण मित्रांनो, तिला कळत नव्हते ते मला कळत होते. ते बोट थकत चालले होते. ठिपका आता जेमतेम टेकायचा. काटे मधेच थांबायचे, पुन्हा निघायचे. एका संध्याकाळी मी फक्त एक तास पुढे होतो.

विनिताने मनगटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"आई, दमलीस?"

उरलेला अर्धा तास तिने स्वतः फिरवला. तिच्या बोटाशेजारी एक गार बोट क्षणभर टेकले, आणि उठले.

त्यानंतर तिने मला कधी मागे केले नाही. दुपारी आता कुणी येत नाही. किल्ली विनिता देते. तिचे बोट मऊ आहे.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जरूर देऊन टाका, पण एकेक हातात घेऊन, बघून द्या. आणि कुठे एखादे जुने घड्याळ चुकलेले दिसले, तर लगेच दुरुस्त करू नका. ती वेळ कुणाची आहे, ते आधी विचारा.