भट्टीच्या तोंडाचा रंग

शैलाताईंनी सामाईक रंगांचा डबा टेबलावर उपडा केला आणि नारंगी रंगाची ट्यूब चिमटीत धरून सगळ्यांना दाखवली. ट्यूब शेपटीपासून मानेपर्यंत पिळून पार चपटी झाली होती.

"महिन्यातली तिसरी," त्या म्हणाल्या. "माझी झेंडूची फुलं मी आता हळदीनं रंगवू का?"

हॉलमधल्या सगळ्या माना बेसिनजवळच्या कोपऱ्याकडे वळल्या. तिथे भिवाभाऊ पाठमोरे उभे होते आणि त्यांना काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं.

जालन्यातल्या वाचनालयाच्या माडीवरचा हा हॉल भालचंद्र सरांनी खटपटी करून मिळवला होता. ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी चित्रं काढणारी सात माणसं जमवली. दर रविवारी सगळे इथे यायचे. जागा आपापली, रंग मात्र सगळ्यांचे, हा नियम सरांनीच मोठ्या हौसेने केला होता. साहजिकच तो निस्तरायची पाळीही त्यांच्यावरच यायची.

त्यांतले शेवटचे भिवाभाऊ तीन महिन्यांपूर्वी आले. एकतीस वर्षं त्यांनी रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काढली होती. इथे आल्यापासून त्यांनी एकही चित्र काढलं नव्हतं. कागदावर बोटभर रुंदीचे पट्टे ओढायचे, एक नारंगी, त्याखाली थोडा वेगळा नारंगी, त्याखाली आणखी वेगळा. कागद भरला की दुसरा घ्यायचा. परतूरहून रेल्वेने येणारी मधुवंती चित्रकलेची डिप्लोमावाली होती. ती एकदा सरांना थट्टेने म्हणाली होती, "सर, तुमचा हा विद्यार्थी आपल्या सगळ्यांच्या पुढे गेलाय." सर हसले होते, पण त्यांना ते लागलं होतं.

आज बोलायचंच असं ठरवून सर कोपऱ्यात गेले. भिवाभाऊंनी तळव्याने डावा डोळा झाकला होता. मग त्यांनी हात बदलला आणि उजवा झाकला.

"बराबर आले तुमी, सर. ह्यो शेवटचा पट्टा पहा. कोन्ता रंग दिसून राह्यला?"

"पिवळसर नारंगी."

"ह्या डाव्याला लई पिवळा दिसतो. उजव्याला पांढुरका. दिवाळीत उजव्याचा मोतीबिंदू काढला, डाव्याचा मंगळवारी हाय. दोन डोळे दोन गोष्टी सांगून राह्यले. मंग खरा कोन्ता धरायचा?"

सरांनी तीस वर्षं फळ्यावर रंगचक्र काढलं होतं. त्यात डाव्या-उजव्याचा कप्पा नव्हता.

"तुम्हाला हवाय तरी कोणता रंग?"

भिवाभाऊंनी ब्रश फडक्याला पुसला. "भट्टीत लोखंडाची कांब तापती. आधी लाल, मंग नारंगी. त्याच्याम्होरं एक रंग येतो, घडीभरच राह्यतो. तो दिसला की मी म्हनायचो, आली. लगेच चिमट्यावाले बाहेर वढायचे. जल्दी काढली तं मशीनमधी अडकून बसती, उशीर झाला तं जळून जाती. नंतर मीटर बसवलं. पन सायेब आधी मीटर पाह्यचे आन् मंग माझ्याकडं पाह्यचे."

"एखादा फोटो असेल की."

"फोटोत नुस्तं पांढरं येतं."

त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. मग कागदाकडे बघतच म्हणाले, "नोकरी संपली तवा घरची म्हनली, एकतीस वर्सं दिवसभर काय पाहत व्हते, ते मला कधी दिसलंच न्हाई. बायांना गेटच्या आत घेत नव्हते. सांगाया गेलो तं सांगता येईना. म्हनून इथं आलो. आता मंगळवारी ह्यो बी डोळा बदलला, तं मंग मलाच वळखू येईल का न्हाई, काय माहीत."

काय बोलायला आलो होतो, ते सर विसरून गेले. मागे शैलाताई ती चपटी ट्यूब घेऊन उभ्या होत्या. भांडणाची सगळी तयारी करून आल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या परत फिरल्या, आपल्या पिशवीच्या तळातून एक भारी, न फोडलेली नारंगी ट्यूब काढून आणली आणि भिवाभाऊंच्या पुढ्यात ठेवली. असली ट्यूब त्यांच्याजवळ आहे, हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

"घ्या. आणि सर, तुम्ही काही बोलू नका."

मधुवंतीनेही ब्रश खाली ठेवला. "काका, कागद पांढरा आहे, म्हणून रंग पेटत नाहीये. आजूबाजूला काळोख करून बघा."

"तिथं काळोखच असायचा, ताई."

स्वतःच्या चित्रासाठी तयार केलेला मोठा बोर्ड तिने आणून भिंतीला टेकवला. ती, शैलाताई आणि सर अशा तिघांनी मिळून काळ्यात निळा कालवून तो रंगवून काढला. पंख्याखाली वाळेपर्यंत बाकीचेही आपापली कामं सोडून जवळ आले.

भिवाभाऊंनी काठाकडून सुरुवात केली. आधी विटकरी लाल, मग आत आत सरकत नारंगी. मधोमध आल्यावर थांबले. डाव्या डोळ्याने पाहिलं, उजव्याने पाहिलं, मान हलवली. रंग वाढवला, खरवडून काढला, पुन्हा लावला. असं कितीतरी वेळा झालं. चहा आला आणि तसाच राहिला.

शेवटी त्यांनी दोन्ही डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे होते. जानेवारीचा महिना, खिडक्या उघड्या, तरी त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला. मग डोळे उघडून त्यांनी पिवळा घेतला, नखाएवढा पांढरा घेतला, किंचित गुलाबी घेतला आणि मधोमध ब्रश फिरवला. पुन्हा फिरवायला हात उचलला आणि तो तसाच वर राहिला.

"आली," ते म्हणाले.

हळूच म्हणाले, जवळच्या माणसाला सांगावं तसं. सरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे, असं त्यांनी हजारो पोरांना शिकवलं होतं. ते असं दिसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बोर्डावरच्या रंगाला त्यांच्याजवळ नाव नव्हतं. तिथे काहीतरी जिवंत तापत होतं, आणि सरांना आनंद होत होता तशी भीतीही वाटत होती. शैलाताईंनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"वहिनींना आजच दाखवू या," सर म्हणाले. "बोलावून घ्या."

"खालीच हाय ती. पायऱ्यांवर."

"दर रविवारी बसतात त्या?" शैलाताई म्हणाल्या. "मला वाटायचं, वाचनालयात आलेल्या कुणाच्या असतील. मग वर का नाही येत?"

"डबा घेऊन येती. कामाच्या जागी बायांना आत घेत न्हाईत, असं धरून चालली असंल. मिलच्या गेटवर असंच बसायची." बोलता बोलता ते अडखळले. "मी बी कधी वर ये म्हनलो न्हाई."

शैलाताईंनी हॉलभर नजर फिरवली. आठ जणांत चार बायका होत्या. त्या स्वतःच जिना उतरून गेल्या.

त्यांच्या मागोमाग नंदाबाई वर आल्या. दारात चपला काढल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि फडक्यात बांधलेला डबा धरून आधी कडेकडेने चालल्या. भिवाभाऊ बोर्डासमोरून बाजूला झाले. हे काय आहे, ते कुणी सांगितलं नाही.

नंदाबाईंनी वर पाहिलं आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. पदर तोंडापाशी गेला. बघतच राहिल्या. मग मान वळवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, नवीनच कुणी दिसावं तसं.

"इतक्या जवळ उभे राह्यत व्हते तुमी?"

"तिथूनच कळायचं."

त्यांनी पुन्हा त्या रंगाकडे पाहिलं. हातातला डबा पोटाशी घट्ट धरला.

"आन् मी गेटवर डबा गार झाला म्हनून हळहळत बसायची."