सुभेदारांची गाडी तात्याबाच्या दारात

जांभूळमळ्यात माणसाची किंमत त्याच्या दारातल्या स्पीडब्रेकरवरून कळते. सरपंच निवडून आला की आधी ब्रेकर पडतो, मग सत्काराचा फ्लेक्स लागतो. पद गेलं तरी ब्रेकर राहतो. त्याला कुणी हात लावत नाही, फार तर त्यावरचे पांढरे पट्टे पुन्हा मारले जात नाहीत. दूध संस्थेच्या चेअरमनचा ब्रेकर उंच, व्हाइस चेअरमनचा त्याहून चार बोटं कमी. शाळेपुढं ब्रेकर नाही, कारण हेडमास्तर बाहेरगावचे.

सगळ्यात उंच ब्रेकर तात्याबाचा. तात्याबा हा दूध संस्थेचा चेअरमन आणि जोतीराम सुभेदारांचा धाकटा चुलतभाऊ. दूध घालायचं केंद्रही त्याच्याच अंगणात. सुभेदारांचं घर त्याच्या पलीकडं, रस्ता संपतो तिथं. म्हणजे पोटात दुखलं तरी, कोरेगावला जायचं तरी, तात्याबाच्या दारावरूनच जायचं.

जमिनीची वाटणी झाली तेव्हा तात्याबा बांधावर चारचौघांत म्हणाला होता, "जोतीरामाचं काय घिऊन बसलाय? जन्मभर सलाम ठोकायची सवय हाय त्येला. रिटायर झाला की आमालाबी ठोकंल."

सुभेदार तेव्हा सुट्टीवर होते. त्यांनी ऐकून घेतलं. पण त्यानंतर त्या दारात त्यांनी मान वाकवली नाही. लग्न असो, बारसं असो, दहावा असो, त्यांच्या पत्नी बनुबाई एकट्या जाऊन यायच्या. सुभेदारांचं म्हणणं साधं होतं. सलाम त्यांनी आयुष्यभर ठोकला होता, पण तो ज्यांना ठोकला त्यांना निदान परेडला उभं राहता येत होतं. तात्याबाला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात.

इलेक्ट्रिक गाडीही त्यांनी याच तत्त्वावर घेतली. कोरेगाव रस्त्यावरचा पेट्रोलपंप तात्याबाच्या व्याह्याचा. घराच्या छपरावर सोलर, दारात गाडी, व्याह्याला रामराम. बेत बिनचूक होता. फक्त या गाडीचं पोट जमिनीलगत असतं आणि बॅटरी नेमकी पोटात असते, एवढं बेतात बसवायचं राहून गेलं होतं.

पहिल्याच दिवशी तात्याबाच्या ब्रेकरवर गाडीच्या पोटातून असा आवाज आला की बनुबाईंनी देवाचं नाव घेतलं. ओसरीवर तात्याबानं चहाची बशी खाली ठेवली.

"सावकाश, सुभेदार," तो म्हणाला. "नवी हाय जणू."

साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोरीनं गाडी उचलून दाखवली. बॅटरीच्या झाकणाला पोचा आला होता.

"अजून एकदा असं लागलं तर बॅटरी वॉरंटीत बसणार नाही, सर."

"मग गाडी उंच करून द्या."

"कंपनी उंची बदलत नाही. आणि तुम्ही बाहेरचं काही बसवलं, तरी वॉरंटी जाईल."

"आणि तात्याबाचा ब्रेकर काय कंपनीनं बसवलाय व्हय?"

पोरीला तात्याबा माहीत नव्हता. तिनं पाणी आणून दिलं.

सुभेदार ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक शांत माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, तिथं ब्रेकर नाहीच."

"न्हाई?"

"आपण तो घातलेलाच नाही. जो नाही, तो पंचायत काढणार कशी?"

"मग माझी गाडी कशाला लागली?"

"ते तुम्ही बघायला पाहिजे. वाहन तुमचं आहे."

या देशाची सरहद्द सांभाळण्यात आपण जी वर्षं घातली ती नेमकी कशासाठी, हा प्रश्न सुभेदारांना त्या दिवशी प्रथमच पडला. हिमालयात रस्ते केले होते त्यांनी. बर्फात, वरून दगड पडत असताना. आणि जांभूळमळ्यात एक सिमेंटचा उंचवटा निघत नव्हता, कारण तो नव्हताच.

ब्रेकर खाली येत नाही, तर गाडी वर न्यायची. सुभेदारांनी ठरवलं.

त्यांची मुलगी संयोगिता सांगलीला दिलेली. जावयानं मार्केट यार्डाच्या पाठीमागं एक गॅरेज शोधून काढलं. हळदीचे ट्रक समोरून जात, त्यामुळं तिथल्या गाड्या, माणसं आणि चहासुद्धा थोडा पिवळट असायचा. मालक इंद्रजित तिशीचा, दाढी कोरलेला. त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं.

"स्प्रिंगा काढायच्या, काका. त्या जागी रबराचे फुगे. डिकीत कंप्रेसर आणि हवेची टाकी. बटण दाबलं की हवा भरती, गाडी उठती. सोडली की बसती."

"उठली पायजे. बसायचं आमाला काय कौतुक न्हाई."

"वॉरंटीचं माहीत हाय नव्हं?"

"ती आधीच ब्रेकरवर ठेवलीया."

काम दोन मुक्काम चाललं. बॅटरीला जॅक लागू नये म्हणून इंद्रजितनं गाडी कडेच्या खुणांवरच उचलली. तेवढा वेळ सुभेदार शेजारी हात मागं बांधून पहारा देत उभे होते. शेवटी इंद्रजितनं बटण दाबलं. डिकीत घरघर झाली आणि म्हैस उठते तशी गाडी आधी मागून उठली, मग पुढून. पोटाखालून कोंबडं आरामात गेलं असतं.

"आणि ही बघा मजा," इंद्रजित म्हणाला. त्यानं गाडी बंद केली. फुस्स करून तिनं आधी तोंड खाली घातलं, मग बूड टेकलं. "बंद केली की आपोआप बसती. सेटिंगच तसं दिलंय. लग्नाच्या गाड्यांना लोक मागून करून घेतात."

"बरं केलंत, बाबा," लेकीकडं म्हणून सोबत आलेल्या बनुबाई म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यांना चढउतार सोसत नव्हता. खाली बसलेल्या गाडीत त्या पाटावर बसावं तशा बसल्या. सुभेदारांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. माणूस खूश असला की त्याला वावगं दिसत नाही.

गावात शिरताना संध्याकाळचं दूध घालायची वेळ होती. सुभेदारांनी गाडी पूर्ण उंचीला नेली. व्हाइस चेअरमनचा ब्रेकर गेला, आवाज नाही. दोन्ही माजी सरपंच गेले, आवाज नाही. तात्याबाच्या ब्रेकरवरून तर गाडी अशी गेली की तो खरोखरच ग्रामपंचायतीच्या म्हणण्याप्रमाणे नसावा.

इथून सरळ घरी जायला हवं होतं. पण किटल्या घेऊन निम्मं गाव अंगणात उभं होतं आणि ओसरीवर खुर्चीत तात्याबा होता. सुभेदारांनी गाडी बरोबर त्याच्या दारासमोर, दाराकडं तोंड करून उभी केली. वाहनातून उतरायचं तर आधी ते बंद करायचं, ही फौजेतली शिस्त. त्यांनी बंद केली, उतरले, छाती पुढं काढली.

मागं फुस्स झालं.

गाडीनं तात्याबाच्या दारात डोकं टेकलं. घाई न करता, नव्या सुनेनं सासऱ्याच्या पाया पडावं तसं.

अंगणात दोघातिघांनी फोन वर धरले. तात्याबानं खुर्चीतूनच उजवा हात वर केला.

"आसू दे, आसू दे," तो म्हणाला. "सुखी ऱ्हावा."

दिवाबत्तीच्या आत व्हिडिओ कोरेगावात पोचला. वाईच्या एका मेव्हण्यानं फोन करून विचारलं, समेट झाला हे आम्हाला कळवायचं तरी. सुभेदारांनी इंद्रजितला फोन लावला.

"ते बसायचं बंद कर."

"करतो की, काका. पण त्याला लॅपटॉप लावावा लागतोय. गाडी घिऊन या सांगलीला."

"आणि तवर?"

"तवर बंद करू नका," इंद्रजित म्हणाला.

दुसऱ्या दिवशी याहून वाईट झालं. तात्याबानं जेसीबी बोलावला आणि ब्रेकर उखडून टाकला. मान पोचला, आता थोरल्या भावाला कशाला तरास, असं तो दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. रस्ता पाटासारखा सपाट झाला. ज्या ब्रेकरसाठी सुभेदारांनी इतके दिवस रक्त आटवलं तो गेला, आणि आता त्याच्या जागचा प्रत्येक सपाट फूट ओरडून सांगत होता की सुभेदार वाकले.

"मी सोता घालतो ब्रेकर," ते म्हणाले. "शिमिट आणतो आजच."

"घाला," बनुबाई म्हणाल्या. "त्येच्यावर माजं नाव टाका म्हंजे झालं. रस्ता सपाट झाला तरी तुमाला सुतक, न्हाई झाला तरी सुतक."

"त्यो रस्ता न्हाई. पावती हाय ती."

"आवं, गाडी वाकली. तुमी कुटं वाकला?"

"लोकास्नी फरक कळतोय व्हय?"

सिमेंट राहिलं, कारण सांगलीला जायची घाई होती. पुढच्या सकाळी दोघं निघाले. तात्याबाच्या घराजवळ बनुबाई म्हणाल्या, "थांबा जरा. दीपमालाला खरवस द्यायचाय." दीपमाला म्हणजे तात्याबाची बायको. जावाजावांच्या खरवसाला बांधाचं भांडण कधीच लागू नव्हतं.

"हितं?"

"मग काय चालत्या गाडीतनं फेकू?"

त्या डबा घेऊन, दाराला धरून, सरकत उतरल्या. सुभेदारांनी गाडी बंद केली नाही. उलट बटण दाबून पूर्ण उंचीला नेली. अंगणात सकाळचं दूध चाललं होतं. गाडी दिसताच किटल्या जमिनीवर आल्या, फोन बाहेर निघाले. तात्याबा ओसरीच्या कडेला येऊन बसला आणि उजवा हात त्यानं मांडीवर तयार ठेवला.

सुभेदार स्टिअरिंगमागं ताठ बसले. घरात कपबशा वाजल्या. बायकांचं हसणं ऐकू आलं. खरवस देणं एवढ्यावर उरकणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

"बंद कर की, सुभेदार," तात्याबा म्हणाला. "बॅटरी जाईल उगंच."

"जाऊ दे. सूर्य माजाच हाय, व्याह्याचा न्हाई."

"च्या घेतोस?"

"न्हाई."

"बरं. बस तसाच. आमी हाय हितंच."

फोन धरून हात अवघडलेल्यांनी हात बदलले. कुणीतरी दूध नासेल म्हणालं, पण हललं कुणी नाही. एवढ्या लोकांनी एवढ्या शांतपणे एखाद्या यंत्राच्या पडण्याची वाट पाहावी, आणि तेही दूध संस्थेच्या वेळेत, याचा सुभेदारांना मनस्वी संताप आला. ग्रामसभेला यातलं एक माणूस येत नाही.

शेवटी बनुबाई बाहेर आल्या. गाडीपाशी येऊन थांबल्या. दार उघडलं, पाय उचलून पाहिला. पायरी त्यांच्या मांडीच्या वर होती.

"बसवा गाडी," त्या म्हणाल्या.

"न्हाई."

"मला चढता यीना. बसवा."

"पुढं त्या वळणापतूर चाला. तितं बसवतो."

"चालले असते तर गाडी कशाला घेतली?"

तात्याबाचा हात मांडीवरून सुटला. फोन वर आले. दीपमालाबाई दारातून म्हणाल्या, "पाट आणू का, जाऊबाई?" पण तात्याबाच्या घरचा पाट म्हणजे तोही त्याचाच उपकार. सुभेदारांनी बटणाकडं पाहिलं. बनुबाईंच्या गुडघ्यांकडं पाहिलं. मग ते गाडी चालू ठेवूनच उतरले, वळसा घालून आले, बनुबाईंपुढं एक गुडघा जमिनीला टेकला, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली आणि मान खाली घालून म्हणाले, "ठेव पाय."

बनुबाईंनी एक हात त्यांच्या डोक्यावर ठेवला, पाय त्यांच्या तळहातांवर ठेवला आणि वर चढल्या. तात्याबाचा हात अर्धा वर आला होता. दीपमालाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, तेव्हा तो त्यानं मान खाजवायला वापरला.

सुभेदार उठले. विजारीचा गुडघा झटकला, त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला, स्टिअरिंगमागं बसले आणि गाडी गावाबाहेर काढली. ऊस सुरू झाला तरी त्यांची छाती खाली आली नव्हती.

"बगितलंस?" ते म्हणाले. "एवढा येळ हुबी हुती. तसूभर वाकली न्हाई."

"बगितलं," बनुबाई म्हणाल्या, आणि पदरानं त्यांच्या कपाळावरची माती पुसली.