पुढची चाकं दादाची, मागची परमेश्वरची

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि खरं सांगायचं तर आता दमले आहे. माझ्या बॉनेटवर सध्या कुरडया वाळत घालतात. मागच्या सीटवर एक कोंबडी खुडूक बसली आहे आणि तिला उठवण्याइतका दम माझ्या हॉर्नमध्ये राहिलेला नाही. तरी तुम्ही आलाच आहात, तर बसा. माझी गोष्ट काही फार लांबलचक नाही.

माझी सुरुवातीची वर्षं कालव्याच्या कामावर गेली. साहेब बदलत गेले, मी तीच राहिले. मग एका लिलावात पूर्णा तालुक्यातल्या किशनरावांनी मला घेतलं. त्यांच्या गावापासून डांबरी रस्ता चार किलोमीटर लांब. मधला सगळा रस्ता काळ्या मातीचा आणि वाटेत एक ओढा. आमची काळी माती तुम्हाला ठाऊकच असेल. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस लागला की ती चपलेसकट माणूस धरून ठेवते. अशा वाटेला साधी गाडी काय कामाची? मी मात्र फोर-व्हील होते.

फोर-व्हील म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. साध्या जीपमध्ये इंजिनाचा जोर मागच्याच चाकांना मिळतो. माझ्या पोटाखाली मात्र एक लोखंडी डबा होता. ड्रायव्हरने छोटा दांडा ओढला की डब्यातली दातेरी चक्रं पुढची आणि मागची चाकं एकत्र बांधून टाकायची. मग चारही चाकांना सारखंच फिरावं लागायचं. मागची घसरली तरी पुढची ओढायची आणि मी चिखलातून बाहेर यायचे.

किशनराव टायर बदलायचे तर चारही एकदम बदलायचे. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि एकाच दिवशी. परभणीचे मिस्त्री सिद्धोधन ते बसवून द्यायचे. किशनरावांची ही सवयच होती. भुजंग आणि परमेश्वर या दोन मुलांना सदरेसुद्धा ते एकाच ताग्यातून शिवून घ्यायचे. लोक हसायचे. मला मात्र ते बरं वाटायचं. त्या वर्षांत मी बाळंतिणी नेल्या, शाळेचे पेपर नेले, पिंगळीच्या स्टेशनावर कितीतरी पाहुणे वेळेत पोचवले. "किशनरावची जीप हाय म्हणून गाव हाय," असं लोक म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फार फुगून गेले होते.

किशनराव गेले आणि वर्षभरात वाटणी झाली. शेत वाटलं, घर वाटलं, विहिरीच्या पाण्याचे वार वाटले. माझ्यापाशी येऊन सगळे अडले. जीप कापायची कशी? विकायला आई, सुलाबाई, तयार नव्हती. शेवटी पंचांनी डोकं लढवलं. भुजंग थोरला, म्हणून पुढची दोन चाकं त्याची. परमेश्वर धाकटा, म्हणून मागची त्याची. ज्याची चाकं त्यानं सांभाळायची. स्टेपनी तेवढी आईच्या वाट्याला आली. पंच खूश होऊन चहा पिऊन गेले. मला कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले, मित्रांनो. टाकून दिलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. इथे तर काळजीचीच वाटणी झाली होती. भुजंग बादली घेऊन यायचा आणि पुढची दोन चाकं लख्ख धुऊन निघून जायचा. मागचा चिखल त्याला दिसतच नसे. दसऱ्याला माझ्या तोंडाला एक हार आणि पाठीला दुसरा, दोन नारळ वेगवेगळे फुटायचे.

मग भुजंगनं पुढच्या चाकांना नवे टायर घातले. माझ्या मापाहून मोठे, जाड गुठळ्यांचे. दिसायला ऐटबाज. परमेश्वर म्हणाला, "दादानं घातले म्हणून मी बी घालू का? माजे चालायलेत की अजून." त्याचे टायर रिमोल्डचे, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेले, तेही झिजून तळहातासारखे गुळगुळीत झालेले. आता मी पुढून उंच आणि मागून ठेंगणी दिसू लागले. त्याचं मला काही नव्हतं, पण पोटातला डबा कण्हायला लागला. दांडा एकदा ओढला की परत सुटेना.

दोघं भाऊ मला घेऊन सिद्धोधनकडे गेले. सिद्धोधन आता म्हातारे झाले होते. त्यांनी मला वाकून पाहिलं, एक सुतळी घेतली, पुढच्या चाकाभोवती गुंडाळून गाठ मारली आणि तीच सुतळी मागच्या चाकाला लावली. गाठ सहा बोटं पुढे गेली.

"बघितलं का भुजंगभाऊ?" ते म्हणाले. "म्होरलं चाक एका फेऱ्यात इतकं जास्त जातंय. मागलं तितकं जात न्हाई. दांडा वढला की दोघान्ला संगं फिरावं लागतंय. मंग ही वढाताण कुणाच्या जिवावर? त्या डब्याच्या. एक दिवस दातं तुटतेत."

"मंग माजे काढून टाकू का? नवेकोरे हायेत!" भुजंग म्हणाला.

"मापाचे काहून न्हाई घातले?" परमेश्वर लगेच उसळला.

"कुणाचं चुकलं ते मी इचारलंच न्हाई," सिद्धोधन म्हणाले. "चारी एका मापाचे, एका जातीचे घाला. तवर त्या दांड्याला हात लावू नका."

दोघं मला घरी घेऊन आले. टायर कुणीच बदलले नाहीत. आणि पावसाळा लागल्यावर दांड्याला हात लावल्याशिवाय गावाबाहेर पडताच येत नव्हतं. ओढायचे, अडकला की लाथ मारून सोडवायचे, आणि मी मुकाट्याने जायचे.

आता वैष्णवीचं सांगते. वैष्णवी भुजंगची मुलगी. तिला पोलीस व्हायचं होतं. रोज पहाटे ती शाळेमागच्या मुरमाच्या रस्त्यावर धावायची आणि परत आली की माझ्या बंपरला पाय लावून पोटऱ्या ताणायची. असं तुझं-माझं न बघता मला शिवणारं घरात तेवढं एकच माणूस उरलं होतं, म्हणून तिच्यावर माझा जीव. सेलूचं एक स्थळ चालून आलं होतं. भुजंगनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, "ही एक भरती दे. झालं तर झालं. न्हाई तर पाव्हण्यान्ला हो म्हणायचं." तिने मान डोलावली होती. तिच्या हातात ती एकच संधी होती.

तिच्या मैदानी चाचणीच्या आधी चार दिवस झड लागली. चाचणीच्या दिवशी सकाळी नऊच्या आत परभणीत मैदानावर हजर व्हायचं होतं. सहाला उजाडल्या उजाडल्या सुलाबाईंनी नातीच्या हातावर दही-साखर ठेवली. भुजंग स्टिअरिंगवर बसला. परमेश्वरही चढला. "माजी चाकं जायलेत, तर मी बी येतो," म्हणाला.

मित्रांनो, मी त्या दिवशी माझ्याकडून काही कमी केलं नाही. दांडा ओढला, डबा कण्हला, तरी किलोमीटरभर चिखल कापत नेलं. ओढ्यातून वर चढताना मात्र पोटातून कडाड आवाज आला आणि सगळं ढिलं पडलं. डब्यातले दात तुटले होते. आता जोर फक्त मागच्या चाकांना जात होता. ती गुळगुळीत, जागच्या जागी गरगरत खाली रुतायला लागली. पुढच्या नव्या टायरांना चांगली पकड होती, पण त्यांना फिरवणारं कुणी उरलं नव्हतं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

दोघं भाऊ खाली उतरले.

"तुज्या टकल्या टायरांनी घात केला!" भुजंग ओरडला.

"मिस्त्री काय म्हणला ते इसरलास का, दादा? म्होरं ढोलावानी टायर कुणी घातले?"

"मी निदान घातले तरी! तू काय केलं?"

वैष्णवी उतरली. तिने बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवले आणि सलवार गुडघ्यापर्यंत खोचली. "तुमी भांडा. मी जाते," एवढंच म्हणाली आणि त्या चिखलातून धावत सुटली. तीन किलोमीटर! प्रत्येक पाय उपसून काढायचा आणि पुढे टाकायचा. ती वळणाआड दिसेनाशी झाली, तरी हे दोघं माझ्या दोन बाजूंना उभेच होते.

दुपारी ट्रॅक्टरने मला ओढून अंगणात आणलं. संध्याकाळी वैष्णवी आली आणि आजीजवळ ओट्यावर बसली. ती वेळेत पोचली होती. डांबरीवर काळीपिवळी मिळाली, मैदानाचं फाटक बंद व्हायच्या आत ती आत शिरली. पण आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाय उचलेनात.

"चार सेकंदांनी गेलं, आजी," ती म्हणाली. "रोज तेवढ्या वेळात आरामात व्हायचं. आज पाय माझे नव्हतेच. पार चिखलातच ऱ्हायले."

सुलाबाईंनी तिचे पाय मांडीवर घेतले आणि तेल चोळत बसल्या. मला रडता येत नाही, हे त्या संध्याकाळी फार जड गेलं.

पुढे सिद्धोधनांनी माझा डबा उघडला. तसे दात आता मिळत नाहीत म्हणाले आणि पुढच्या चाकांकडे जोर नेणारा पोटाखालचा लांब दांडाच काढून ठेवला. दोघं भाऊ कुणी न सांगता एकाच दिवशी परभणीला गेले आणि चार नवे टायर घेऊन आले. एका मापाचे, एका जातीचे. आज ते माझ्या अंगावर आहेत. पण मी आता फोर-व्हील नाही. पाऊस लागला की मी अंगणातच असते.

पंधरा दिवसांनी सेलूचे पाहुणे आले. चहा झाला, पोरीला बोलवा म्हणाले. भुजंग उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"पाव्हणं, माफ करा. लगीन एवढ्यात न्हाई करायचं. पोरगी अजून धावायलीय."

"पण ती तर नापास झाली म्हणं?"

"ती न्हाई नापास झाली," भुजंग म्हणाला. "माजी चाकं आडवी आली."

दाराशी परमेश्वर उभा होता. या घराच्या उंबऱ्यात तो वाटणीनंतर पहिल्यांदाच आला होता. "माजी बी," तो म्हणाला.

पाहुणे गेले. पुढची भरती कधी निघेल कुणास ठाऊक. वैष्णवी अजून धावते आहे.

मित्रांनो, मी थकले, आता थांबते. टायर बदलाल तेव्हा चारही सारखे घाला, हे तर तुम्हाला कुठलाही मिस्त्री सांगेल. माझं मागणं त्याहून थोडं वेगळं आहे. भांडून एखादी वस्तू तुझी-माझी करायला निघाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि वाकून बघा, आत कोण बसलं आहे.