घरच्यांचा रकाना

"सिस्टर, मागच्या पाहणीत या वस्तीत स्मृतिभ्रंशाचे एकतीस म्हातारे निघाले होते. यंदा बाराच? बाकीचे बरे झाले की काय?" डॉक्टर हसत म्हणाले.

"माणसं तीच आहेत, सर. नियम बदललाय."

पूर्वी स्मरणाच्या चाचणीत नापास झालं, की नाव यादीत जायचं. आता घरच्यांनीही सांगायला हवं होतं, की माणसाची रोजची कामं अडतात. नाही म्हटलं, की नाव गळलं.

"उत्तम! मग घरी जाणाऱ्या मदतनीसही बाराच मागवतो."

सिस्टरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गळलेल्या एकोणीस जणांत तिची आई होती.

घरच्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नाही, म्हणून धाकटी नर्स आली होती. आईला साल सांगता आलं नाही, महिनाही नाही. मग धाकटीनं विचारलं, "ताई, स्वतःचं सगळं स्वतः करतात ना?"

त्याच सकाळी आईनं पावाला साबण लावला होता. आंघोळ, कपडे, सगळं सिस्टरच करायची; बाहेर जाताना गॅसला कुलूप घालायची. तीस वर्षं ती घरोघर बजावत आली होती, दुखणं लपवू नका म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान! "हो, सगळं स्वतःच करते," ती म्हणाली होती.

"सर, यादीत एक खोटं आहे," आता ती कशीबशी म्हणाली. "माझंच. आईचं काहीच तिचं तिला होत नाही."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "तुम्ही? अहो, आईच्या दुखण्याची कसली लाज?"

"आईची नाही, सर. मी नर्स, आणि मलाच ती आवरेना. ही लाज." तिनं यादी पुढ्यात ओढली. "माझ्यासारखे आणखीही असतील. मी परत जाते सगळ्यांकडे."

"जा. मागणीपत्र तोवर थांबवून ठेवतो."

या फेरीत धाकटी सगळ्यात आधी सिस्टरच्याच घरी आली. तोच प्रश्न पुन्हा, आईसमोरच.

"नाही. मीच न्हाऊ घालते, मीच भरवते," सिस्टर मान खाली घालून म्हणाली.

आईनं धाकटीचा हात धरला. "हिला फार काम पडतं हो माझं. पण कधी चिडत नाही. कुणाची मुलगी आहे ही?"

धाकटीनं नजर वळवली, अर्ज पुढे केला. 'माहिती देणाऱ्याचं नातं' या ओळीवर सिस्टरनं पेन टेकवलं. मग तिनं ठळक अक्षरांत लिहिलं : मुलगी.