तिसऱ्या रांगेची शिवण

घरात माणसं सात आणि गाडीत जागा पाच, हे गणित त्या कुटुंबाने सहा वर्षं कसंबसं ओढत आणलं होतं. कुठे जायचं म्हटलं की नवरा आधी आपल्या आईवडिलांना आणि धाकटीला पोचवून यायचा आणि माघारी येऊन बायकोला, थोरलीला आणि मधल्याला घेऊन जायचा. पहिल्या खेपेतली माणसं चहापाणी उरकून जांभया देत असायची, तेव्हा कुठे दुसरी खेप दारात उतरायची. एका चुलत नणंदेच्या लग्नात तर दुसरी खेप पोचेपर्यंत हॉलमधल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती, आणि घरच्यांच्या फोटोत अर्धंच घर आलं.

तो फोटो हातात आला तेव्हा सासूबाईंनी तो उलटा ठेवला आणि म्हणाल्या, “आता मोठी गाडी घ्या, नाहीतर मला कुठे नेऊ नका. मी घरीच बरी.”

त्या घरात सासूबाई क्वचितच काही मागायच्या. त्यामुळे विषय तिथेच मिटला आणि गाडी शोधायला सुरुवात झाली.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. लोकांचे नंबर तपासणं, काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की तो तिचा चोथा करायचा. पंधरा दिवसांत त्याला मोठ्या गाड्यांची एवढी माहिती झाली की जेवताना भाजी वाढायची सोडून तो डिकीची उंची सांगायचा. सूनबाई, म्हणजे त्याची बायको, ऐकून घ्यायची. ती अकरा वर्षं गाड्यांच्या सीटा आणि सोफे शिवायच्या कारखान्यात होती. गाडी कशी पळते याच्याशी तिला फारसं घेणंदेणं नव्हतं. पण माणूस गाडीत कसा बसतो, किती वेळाने अवघडतो, कुठलं कापड दोन उन्हाळ्यांत तडकतं, हे तिला कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

आधी ते नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेले. नवी गाडी दिसायला झकास होती, दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. सासऱ्यांनी उत्साहाने तिसऱ्या रांगेत बसून बघितलं. ते सहा फुटांचे. गुडघे हनुवटीला टेकले, आणि बाहेर यायची वेळ आली तेव्हा काही केल्या त्यांना निघता येईना. शेवटी नवऱ्याने हात धरले, मधल्याने पाय सोडवले आणि शोरूमच्या मुलीने सीट पुढे ढकलून धरली.

“आत जाताना माणूस होतो,” सासरे शर्ट खाली ओढत म्हणाले, “बाहेर आलो ते बोचकं होऊन.”

त्याहून मोठी नवी गाडी होती, पण ती त्यांच्या आवाक्यातली नव्हती, आणि मिळायलाही आठ महिने लागणार होते. तेव्हा वापरलेली गाडी बघायची असं ठरलं.

तिसऱ्या रविवारी सगळे दोन खेपा करून एका जुन्या गाड्यांच्या मोठ्या आवारात पोचले. तिथे रांगेच्या शेवटी ती काळी गाडी उभी होती. चार वर्षांची, ऐसपैस, पुसून आरशासारखी केलेली. ती बघताच नवऱ्याचा चेहरा असा झाला की सूनबाईला लग्नाआधीचे दिवस आठवले.

“एकच मालक,” विक्रेता म्हणाला. तिशीतला, स्वच्छ शर्टातला, गोड बोलणारा माणूस होता. “घर ते दवाखाना, एवढीच फिरलेली आहे. इंजिन ऐका. आणि आतून बघा, सीटा कंपनीच्या आहेत तशाच. कुणी हात लावलेला नाही.”

नवऱ्याने गाडी चालवून बघितली. सासऱ्यांनी मधल्या रांगेत पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले. मुलांनी जागा वाटून घेतल्या, त्यावरून एक भांडणही उरकलं. सासूबाईंनी खिडकीची काच वरखाली करून बघितली आणि म्हणाल्या, “घ्या.”

एवढं झाल्यावर नवरा विक्रेत्याबरोबर टेबलाशी बसला आणि बुकिंगचा कागद भरायला लागला.

इकडे धाकटीची केसांची पिन तिसऱ्या रांगेच्या फटीत पडली. धाकटी रडकुंडीला आली. सूनबाई मागे चढली, गुडघ्यावर बसली आणि पाठ आणि बैठक यांच्या मधल्या फटीत तिने हात घातला. पिन काही लागली नाही. बोटांना शिवण लागली.

कोपऱ्यावर आल्यावर सुई तीन टाके मागे घ्यायची, गाठ आत वळवायची आणि वरून कापडाची पट्टी दाबायची. ही सवय तिला कुणी शिकवली नव्हती, ती तिची स्वतःची होती. कारखान्यातल्या बाकीच्या बायका त्यावरून तिची टिंगल करायच्या, की ही गाठ मारत नाही, दागिना लपवते. आता तीच गाठ तिच्या बोटाखाली होती.

तिने बैठकीची कड उचलली. वरचा दोरा राखाडी होता. आतल्या बाजूला, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या जागी, वीतभर शिवण मात्र तपकिरी दोऱ्याची होती. ती तिला लख्ख आठवली. राखाडी रीळ संपलं होतं, दोऱ्याचं दुकान बंद झालं होतं, आणि ती कारखान्याच्या मालकांना म्हणाली होती, “काका, आतली बाजू आहे, कोण बघतंय?”

आणि मग त्या सीटाही आठवल्या. मागच्या वर्षी नदीचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं, त्यानंतर महिन्याभराने त्या टेम्पोतून आल्या होत्या, गाडीतून सुट्या केलेल्या. स्पंज दाबला की गढूळ पाणी निघत होतं. तिने तीनदा हात धुतले, तरी घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं होतं की कसला वास येतोय.

सूनबाई तशीच गुडघ्यावर बसून राहिली. मधल्या रांगेत सासरे निवांत पडले होते. टेबलाशी नवरा पेन हातात घेऊन कसल्यातरी गोष्टीवर हसत होता. आणि हे आवार काकांचं मोठं गिऱ्हाईक होतं, दर महिन्याला इथून काम यायचं. इथे तोंड उघडलं आणि उद्या काकांनी विचारलं, की तुला कुणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला, तर? दुसरीकडे नोकरी शोधायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

“आई, सापडली?” धाकटीने विचारलं.

“नाही अजून,” ती म्हणाली, आणि गाडीतून उतरली.

टेबलापर्यंतची वीस पावलं तिला फार लांब वाटली.

“अहो, सही करू नका.”

नवऱ्याने वर बघितलं. “काय झालं?”

“मागच्या सीटा मी शिवल्या आहेत.”

त्याला कळायला क्षणभर वेळ लागला. विक्रेता हसला. “ताई, काहीतरी गैरसमज होतोय. सीटा कंपनीच्या आहेत.”

“मागची बैठक कंपनीची नाही, माझी आहे. डाव्या कोपऱ्यात आतून तपकिरी दोरा आहे, बघून घ्या. या सीटा पाण्यात बुडून आमच्याकडे आल्या होत्या.”

“अगं, शिवण काय कुणाचीही असू शकते,” नवरा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण पेन त्याने अजून खाली ठेवलं नव्हतं. पंधरा दिवसांचा अभ्यास आणि एका सकाळचं प्रेम, इतक्या चटकन सुटत नाही. “एवढी चांगली गाडी आहे. तू नीट बघितलंस का?”

“तुम्ही बघा. शिवण सोडा. मागचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. सीट बदलता येते, कापड बदलता येतं, पण पट्टा आत गुंडाळलेला असतो, तो कुणी धूत नाही.”

नवरा उठला. विक्रेताही मागोमाग आला. नवऱ्याने तिसऱ्या रांगेचा पट्टा धरला आणि ओढला. हातभर काळा, स्वच्छ पट्टा आला. आणखी हातभर आला. मग आत काहीतरी करकरलं, आणि शेवटची वीत आली ती मातकट, कडक, कडेला वाळलेल्या चिखलाची रेघ असलेली. नवऱ्याने त्यावरून अंगठा फिरवला. बारीक माती सीटवर पडली.

सासरे डोळे उघडून हळूच खाली उतरले.

नवऱ्याने पेनाला टोपण लावलं. विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. त्याने स्वतः दुसरा पट्टा ओढून बघितला, मग तिसरा. तिन्हींची तीच गत.

“ताई, मला हे माहीत नव्हतं,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “मला जे सांगितलं तेच मी सांगत होतो. उद्या एक जण ही गाडी न्यायला येणार होते, तुम्ही आज घेतली नसती तर. लहान बाळ आहे त्यांना.” तो थोडा थांबला. “आता येऊ नका म्हणून फोन करतो.”

बुकिंगचा कागद त्याने स्वतःच फाडला.

फाटकाबाहेर आल्यावर खेपा करायची कुणाची तयारी नव्हती. सगळे चालत कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेले आणि दोन टेबलं जोडून बसले. सासूबाईंनी आपली बिस्किटं सूनबाईच्या बशीत सरकवली.

नवरा बराच वेळ चहात चमचा फिरवत राहिला. मग एकदम हसायला लागला.

“दिवसभर मी लोकांना विचारतो, खालची ओळ वाचता येते का म्हणून,” तो म्हणाला. “आणि माझ्या डोळ्यांना त्या गाडीचा रंग सोडून काही दिसलं नाही.”

“माझे तर डोळेच मिटवले त्या गाडीने,” सासरे म्हणाले. तेव्हा सूनबाईलाही हसू आलं, आणि ते लवकर आवरेना. छातीवरचं ओझं त्या हसण्याबरोबर बरंचसं उतरलं. थोडं उरलं ते उद्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात लवकर गेली. काका कापड बेतत होते. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, काही न वगळता. काकांनी कात्री खाली ठेवली.

“माझ्याकडे सीटा आल्या होत्या, गाडी नव्हती आली,” ते म्हणाले. “सीटा बदलून मालक स्वतःच गाडी वापरेल असं मला वाटलं. अशी पुसूनबिसून कुणाच्या गळ्यात मारतील हे नव्हतं वाटलं. बरं केलंस बोललीस.”

“त्यांचं काम बंद होईल, काका.”

“होऊ दे. तीन महिन्यांचे सोफे पडलेत मागे, ते कोण शिवणार?” त्यांनी पुन्हा कात्री उचलली. “माझ्या हातचं काम खोटं झाकायला जायचं असेल, तर ते न आलेलं बरं. बस आता मशिनवर. आणि त्या राखाडी दोऱ्याची दोन रिळं जास्तीची आणून ठेव.”

ती मशिनवर बसली, आणि पाय चालू लागल्यावर तिच्या ध्यानात आलं की कालपासून तिने धड श्वासच घेतला नव्हता.

दुपारी काकांनीच विषय काढला. त्यांच्या ओळखीच्या एक जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपली गाडी विकत होत्या. गाडी नऊ वर्षांची, दांडगी, खऱ्या अर्थाने सात माणसांची. सीटांची भोकं शिवायला किती दिवस लागतील असं त्यांनी विचारलं होतं, कारण त्यांच्या दोन कुत्र्यांनी मधली रांग खाऊन टाकली होती.

शनिवारी सगळे तिथे गेले. गाडी दिसायला अगदीच यथातथा. एका दारावर पोचा, रंग उडालेला, आत कुत्र्याचे केस. मधल्या रांगेतून स्पंज बाहेर आलेला. नवऱ्याचा चेहरा पडला. पण डॉक्टरीणबाई सांगायला लागल्या, त्या विक्रीचं बोलत नव्हत्या, एखाद्या रुग्णाची हकीकत सांगावी तशा सांगत होत्या.

“एसी गार व्हायला वेळ घेतो. मागचं दार जरा आपटावं लागतं. मागच्या वर्षी पुढचे ब्रेक नवे टाकलेत. पोचा माझ्यामुळे, गोठ्याचा खांब मध्ये आला. बाकी हिने मला कधी रस्त्यात सोडलं नाही.”

बरोबर आणलेल्या मेकॅनिकने गाडीखाली अर्धा तास घालवला आणि अंग झटकत बाहेर येऊन म्हणाला, “हाडाने भक्कम आहे.” सूनबाईने तोवर सातही पट्टे एकामागून एक शेवटपर्यंत ओढून बघितले. सगळे शेवटच्या वितीपर्यंत कोरडे आणि स्वच्छ. एकावर फक्त कुत्र्याचे दात होते. सासरे तिसऱ्या रांगेत गेले, बसले, वाकून काहीतरी पुटपुटले आणि कुणाचाही हात न धरता बाहेर आले.

“काय करायचं?” नवऱ्याने तिला बाजूला घेऊन विचारलं. आत्तापर्यंत गाडीच्या बाबतीत त्याने तिला असं विचारलं नव्हतं.

“घेऊन टाका,” ती म्हणाली. “फाटलंय ते सगळं माझ्या कामातलं आहे.”

पुढचे चार रविवार तिने काकांच्या कारखान्यात त्या सीटांवर घालवले. थोरलीने कापडाचा रंग निवडला, मधल्याने तो नापसंत केला, सासूबाईंनी आपल्या जागेवर दोन बोटं जास्त स्पंज मागून घेतला. काकांनी कापडाचं काही घेतलं नाही आणि वर तिच्या शिवणीत दोन चुका काढल्या.

गाडी तयार झाल्यावर सगळे मिळून नवऱ्याच्या आत्याकडे गेले, दोन तासांच्या अंतरावर. दुपारी तिथे जेवण करून परत निघाले. एसी सावकाश गार झाला. सासरे पुढे बसून रस्ता सांगत होते, जो नवऱ्याला पाठ होता. सासूबाई मधल्या रांगेत, मुलं विखुरलेली. सूनबाई मागे टेकली, सीट कशी बसतेय हे बघावं म्हणून, आणि तिचे डोळे मिटले.

आपल्या घराशी गाडी थांबली तरी ती जागी झाली नाही. धाकटी “आई” म्हणणार, एवढ्यात सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. नवऱ्याने इंजिन बंद केलं. मग दार न उघडता, काही न बोलता, सगळे आपापल्या जागी तसेच बसून राहिले. मधल्याने मात्र हळूच पायातले बूट काढले.